शाळा उघडायच्या आधी घरात नेमकं काय काय करायचं? (आणि कुणी?)

सायंतारा

मोठी सुट्टी संपत आली की आमच्याकडे यादी निघते. वह्या, कव्हरं, बूट, दप्तर, पाण्याची बाटली. यादीतलं सगळं वेळेत आणून होतं, तरी शाळेचा पहिला आठवडा दरवर्षी आरडाओरड्यातच जातो. सकाळी कुणी उठत नाही, संध्याकाळी सगळे चिडलेले, आणि रात्री साडेनऊला कळतं की कुठल्याशा फॉर्मवर सही राहिली आहे.

त्यामुळे माझं मत असं झालंय की खरेदी हा तयारीतला सगळ्यात सोपा भाग आहे, म्हणून आपण तो सगळ्यात आधी उरकतो आणि तयारी झाली असं समजतो. घरातली माणसं तयार करायची राहूनच जातात.

लेक सातवीत जाणार, धाकटा पहिलीत. नवरा आणि मी दोघंही नोकरी करतो, सासरे आमच्याबरोबर असतात. हातात तीन आठवडे आहेत. दोघं मुलं सध्या किती वाजता झोपतात ते विचारू नका. तुम्ही या दिवसांत काय सुरू करता, काय केल्याने खरंच फरक पडतो, आणि काय उगाच केलं जातं ते लिहा. दुकानं आणि किमती इथे नकोत, त्यासाठी वेगळा धागा आहे.

रिकामटेकडा

पहिला!

आमच्याकडची तयारी म्हणजे आदल्या रात्री अकरा वाजता "बाबा, उद्या तक्ता न्यायचाय" हे वाक्य ऐकणे. त्याला कितीही आधीपासून लागा, उपयोग नाही. ते वाक्य येणारच.

बाकी खुर्ची टाकून बसलोय. चालू द्या.

नीरक्षीर

झोपेपासून सुरुवात करा. बाकीचं मागाहून.

अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने (झोपेच्या डॉक्टरांची संघटना) २०१६ मध्ये वयाप्रमाणे झोपेचे तास सांगितले आहेत: ३ ते ५ वर्षांना दुपारची झोप धरून १० ते १३ तास, ६ ते १२ वर्षांना ९ ते १२, आणि १३ ते १८ वर्षांना ८ ते १०. आता उलट हिशोब करा. धाकट्याला सकाळी सहाला उठायचं असेल आणि त्याला दहा तास लागत असतील, तर तो आठला झोपलेला हवा. आठला पलंगावर उड्या मारत असून चालणार नाही.

लोक इथे एक गडबड करतात. आज ठरवतात की "चला, आजपासून लवकर झोपायचं", आणि मूल दोन तास अंधारात छताकडे बघत पडतं. झोप हुकमाने येत नाही. उठवणं मात्र आपल्या हातात असतं. म्हणून सकाळची बाजू धरा: दर दोन दिवसांनी उठायची वेळ पंधरा मिनिटं अलीकडे, उठल्यावर लगेच पडदे उघडायचे किंवा सरळ बाहेर न्यायचं. सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की शरीराचं घड्याळ अलीकडे सरकतं आणि रात्रीची झोप आपोआप लवकर येते. दोन तासांचा फरक भरून काढायचा असेल तर या गतीने सोळा दिवस लागतात. तुमच्याकडे तीन आठवडे आहेत म्हणताय, म्हणजे आत्ताच सुरुवात करा.

रात्री उलट. शेवटचा तासभर दिवे मंद आणि पडदे बंद. टीव्ही-मोबाइलचेही आणि खिडक्यांचेही.

लेकुरवाळी

नीरक्षीर, हिशोब सुंदर आहे. पण तुमच्या घरात किती मुलं आहेत?

माझी तीन आहेत. एकाला पंधरा मिनिटं आधी उठवलं की तो दुसऱ्याला उठवतो, दुसरा तिसरीला मारतो, आणि मग सगळे दुपारी झोपतात. रात्री पुन्हा बारा. सुट्टी शेवटपर्यंत सुट्टीसारखी असावी या मताची मी आहे. शेवटचे चार दिवस ठरल्या वेळेला उठवायचं, दुपारची झोप बंद, दिवसभर बाहेर हुंदडू द्यायचं. पहिल्या आठवड्यात पेंगतात थोडे. जग बुडत नाही.

अर्धविराम

लेकुरवाळींना अनुमोदन, अर्धं. लहानांचं चार-पाच दिवसांत जमतं. आमचा मोठा चौदाचा आहे, त्याचं नाही जमत. दहा वाजता खोलीतला दिवा बंद करतो, साडेबाराला बघावं तर टक्क जागा. मोबाइल बाहेर ठेवलेला असतो तरी. सकाळी उठवायला गेलं की जणू आम्ही त्याचे वैरी.

नीरक्षीर

लेकुरवाळी, एकच आहे. पण तीन भाच्यांसकट सुट्टी काढली आहे, त्यामुळे तुमच्याबद्दल आदर आहे.

अर्धविराम, तुमचा मुलगा आळशी नाही. वयात येताना मेलाटोनिन (झोपेची वेळ झाल्याचं शरीराला सांगणारं संप्रेरक) रात्री उशिरा स्रवायला लागतं, त्यामुळे झोपच एक-दोन तास पुढे ढकलली जाते. ब्राउन विद्यापीठातल्या मेरी कार्सकाडन यांनी यावर अनेक वर्षं काम केलं आहे. त्याच आधारावर बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सने २०१४ मध्ये म्हटलं की मोठ्या वर्गांच्या शाळा साडेआठच्या आधी भरू नयेत. कॅलिफोर्नियाने तर कायदाच केला. २०२२च्या जुलैपासून तिथली हायस्कुलं साडेआठच्या आधी भरत नाहीत, गावाकडच्या काही शाळांचा अपवाद सोडून.

आपल्या शाळेची वेळ आपल्या हातात नाही. पण शनिवार-रविवार त्याला दुपारपर्यंत झोपू देणं आपल्या हातात आहे, आणि तिथेच घोळ होतो. पाच दिवस एका वेळेवर, दोन दिवस दुसऱ्या वेळेवर. दर सोमवारी त्याचं शरीर नव्याने परदेशातून परत येतं. सुट्टीच्या दिवशी तासभर जास्त झोपू दे, त्यापुढे नको. सायंतारा, तुमची सातवीतली आता त्याच उंबरठ्यावर आहे, दोघांना एकच नियम लावू नका.

आजोबा_ऑनलाइन

सर्व तरुण पालकांना नमस्कार.

मी या धाग्यातला सासरा आहे. म्हणजे सायंताराचा नव्हे, पण त्या भूमिकेतला. दुपारी नातवाला आणणे, हातपाय धुवायला लावणे, कपडे बदलायला लावणे ही कामे माझी. तुम्ही मंडळी घरात नियम करता तेव्हा आम्हाला कोणी सांगत नाही. मग मी टीव्ही लावून दिला की संध्याकाळी सुनेचा चेहरा पडतो. मला आधी सांगितले असते तर मी लावला नसता (कदाचित).

माझ्या दोन सूचना. पहिली: वेळापत्रक आजी-आजोबांनाही द्या, मोठ्या अक्षरात, कागदावर. मोबाइलच्या ग्रुपवर टाकलेले आम्हाला सापडत नाही. दुसरी: शाळेतून फोन आला आणि तुम्ही दोघे बैठकीत असलात तर मी काय करायचे हे लिहून ठेवा. डॉक्टरांचा क्रमांक, मुलाला कशाची अ‍ॅलर्जी आहे, शाळेत त्याला न्यायला येणाऱ्यांच्या यादीत माझे नाव आहे की नाही. हे शेवटचे फार महत्त्वाचे. नाव नसेल तर मला फाटकावरून परत पाठवतील, आणि ते बरोबरच आहे.

सायंतारा

काका, तुमचा प्रतिसाद सासऱ्यांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "हा माणूस शहाणा आहे." आता कागद मोठ्या अक्षरात.

रिकामटेकडा

"(कदाचित)" या शब्दासाठी काकांना साष्टांग.

खडूफळा

मी प्राथमिकला शिकवते, म्हणून टेबलाच्या पलीकडच्या बाजूने लिहिते.

पहिल्या आठवड्यात ज्याला अक्षरं येत नाहीत ते मूल अडत नाही. अक्षरं शिकवायला आम्ही आहोत. अडतं ते मूल ज्याला बाटलीचं झाकण उघडत नाही, पॅंटचं बटण निघत नाही, किंवा "मला लघवीला जायचंय" हे अनोळखी बाईंना सांगायची हिंमत होत नाही. वर्गात तीस मुलं आणि बाई एक. नवीन घट्ट झाकणाचा डबा आवडीने घेतलेला असतो, आणि मूल मधल्या सुट्टीभर तो घेऊन माझ्यासमोर उभं असतं.

तेव्हा पहिलीतल्यासाठी एवढं करा. नवीन डबा, बाटली, बूट, दप्तर हे सगळं शाळेच्या दिवशी पहिल्यांदा वापरायला देऊ नका. घरात आठवडाभर त्याच डब्यातून, स्वतः उघडून, स्वतः बंद करून खाऊ दे. जमिनीवर बसवा, मधल्या सुट्टीएवढीच वेळ द्या, मोबाइल-टीव्ही नाही, भरवणं नाही. किती उरतं ते बघा आणि तेवढाच डबा द्या. पहिल्या दिवसांत मुलं नेहमीपेक्षा कमी खातात. भरलेला डबा परत आला की घरी बोलणी बसतात, आणि मग ती शाळेत टाकून द्यायला शिकतात.

नाव प्रत्येक वस्तूवर घाला, पण आतल्या बाजूला. दप्तरावर बाहेर ठळक नाव असलं की रस्त्यावरचा कुणीही परका माणूस मुलाला नावाने हाक मारू शकतो, आणि नावाने हाक मारणारा माणूस लहान मुलाला ओळखीचाच वाटतो.

आणि एक फोन नंबर तोंडपाठ. आईचा किंवा बाबांचा, एकच. चालीवर म्हणून घ्या, चार दिवसांत होतो.

बाराखडी

नवीन सदस्य आहे, पहिलाच प्रतिसाद. आमची लेक पहिल्यांदाच शाळेत जाणार आहे, साडेतीन वर्षांची. आत्तापर्यंत माझ्याशिवाय कुठे राहिलेली नाही. खडूफळाताई, ती रडली तर काय करायचं? सगळे सांगतात की तिचं लक्ष नसताना हळूच निघून ये.

खडूफळा

बाराखडी, स्वागत. हळूच निघून जाऊ नका, काहीही झालं तरी. मूल वळून बघतं आणि आई नाही. पुढच्या दिवशी ते तुमचा हात सोडायलाच तयार होत नाही, कारण लक्ष हटलं की आई नाहीशी होते हे त्याला कळलेलं असतं.

सांगून जा. थोडक्यात जा. "खाऊ खाऊन झाला, गोष्ट झाली, की मी येते." चार वाजता येते म्हणून उपयोग नाही, तिला चार कळत नाहीत. एक मिठी, रोज तीच, आणि पाठ फिरवायची. दारात पुन्हा पुन्हा परत येऊन समजूत घालणारे पालक रडणं लांबवतात. बहुतेक मुलं तुम्ही दिसेनासे झाल्यावर थोड्या वेळात शांत होतात, बाहेर उभ्या पालकांना मात्र ते कधीच दिसत नाही.

आत्तापासून सराव करा. आजीकडे अर्धा तास, मावशीकडे तासभर, आणि सांगितलेल्या वेळेला नक्की परत या. तिला शाळेत टिकायला हाच अनुभव लागतो की आई जाते आणि येते. जमलं तर शाळा उघडण्याआधी वर्गातल्या एखाद्या मुलाशी दोनदा-तीनदा खेळायला न्या. पहिल्या दिवशी एक चेहरा ओळखीचा असला तरी पुष्कळ.

दोन-तीन आठवडे उलटूनही रोज तितकंच रडत असेल, जेवण-झोप बिघडली असेल, तर बाईंशी बोला, लागलं तर डॉक्टरांशीही.

टंगळमंगळ

सगळं छान, पण अभ्यासाचं कुणी बोलतच नाही? सुट्टीत मुलं सगळं विसरतात. मी रोज एक तास बसवतो. गणित, शुद्धलेखन, पाढे. गेल्या वर्षीचं अर्धं पुस्तक पुन्हा करून झालंय.

लेकुरवाळी

बिचारी मुलं.

टंगळमंगळ

ताई, बिचारी कशाला? शाळा उघडल्यावर मागे पडली तर तेव्हा बिचारी.

नीरक्षीर

यावर संशोधनात भांडणं आहेत, म्हणून थोडं लांब लिहितो.

हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये जुन्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यांचा निष्कर्ष असा की मोठ्या सुट्टीनंतर मुलांचे गुण सरासरीने महिनाभराच्या शिकण्याइतके घसरतात, आणि वाचनापेक्षा गणितात घसरण जास्त. "सुट्टीत मुलं विसरतात" हे वाक्य जे सगळीकडे फिरतं त्याच्या मागे बराचसा हाच आढावा आहे. पुढे पॉल फॉन हिपेल यांनी २०१९ मध्ये प्रश्न उपस्थित केला की हे खरंच इतकं ठाम आहे का. जुन्या काही अभ्यासांत सुट्टीआधीची आणि सुट्टीनंतरची परीक्षा वेगवेगळ्या इयत्तेची होती, त्यामुळे जी घसरण दिसली तिच्यातली काही परीक्षा बदलल्यामुळे असू शकते. नव्या चाचण्या लावल्या की चित्र एकसारखं राहत नाही.

विसरणं मात्र खरंच आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून ते मोजलं. त्या प्रयोगातली दुसरी गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. विसरलेलं पुन्हा पाठ करायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. तेव्हा पहिल्या आठवड्यात मुलाला पाढे आठवले नाहीत म्हणून घाबरायचं कारण नाही. ते पुष्कळ लवकर परत येतात.

माझं मत: रोज एक तास सगळं पुस्तक नको. दहा मिनिटं गणित, तेही दिवसाआड, आणि रोज मनाला येईल ते वाचन. बास.

खडूफळा

शिक्षिकेकडून +१. पहिले दोन आठवडे आम्ही उजळणीच घेतो. घरी सगळं दोनदा करून आलेला मुलगा त्या दोन आठवड्यांत कंटाळतो आणि शेजाऱ्याच्या खोड्या काढतो.

टंगळमंगळ

बरं, तासाचे वीस मिनिटं करतो. त्याखाली येणार नाही.

रिकामटेकडा

सौदा पक्का. पुढचा विषय?

लेकुरवाळी

पुढचा विषय, ज्याबद्दल कुणी बोलत नाही पण शाळा उघडल्यावर महिनाभरात सगळे खासगीत विचारतात: उवा.

आत्ताच डोकी बघून घ्या. ओल्या केसांना भरपूर कंडिशनर लावायचं आणि बारीक दातांच्या फणीने मुळापासून टोकापर्यंत, पुंजका-पुंजका करून. पांढऱ्या कागदावर फणी पुसत जायचं. उवा उड्या मारत नाहीत, उडत नाहीत, डोक्याला डोकं लागलं की सरपटत जातात. सेल्फी काढणाऱ्या मुलींनी लक्षात ठेवा. अस्वच्छतेचा आणि त्यांचा संबंध नाही, स्वच्छ केसांतही तितक्याच सुखाने राहतात. डोक्याबाहेर एक-दोन दिवसांपलीकडे जगत नाहीत, त्यामुळे गाद्या उन्हात काढून घर डोक्यावर घ्यायची गरज नाही.

औषध लावलं तर एकदा लावून भागत नाही. लिखा साधारण सात ते दहा दिवसांत फुटतात, आणि बहुतेक औषधं लिखांना पुरती मारत नाहीत. म्हणून नवव्या दिवसाच्या सुमारास पुन्हा. कुठलं औषध, कितव्या वर्षापासून, ते डॉक्टरांना विचारा. आणि घरातल्या सगळ्यांची डोकी एकाच दिवशी. बाबांचंसुद्धा.

रिकामटेकडा

बाबांच्या डोक्यावर काही उरलं असेल तर.

दृष्टिकोन

मी चष्म्याचे नंबर काढतो, सदस्यनाम त्यावरूनच. शाळा उघडायच्या आधी डोळे तपासून घ्या ही विनंती. ज्या मुलाला लांबचं अंधुक दिसतं ते तक्रार करत नाही, कारण सगळ्यांना असंच दिसतं असं त्याला वाटतं. ते फळ्यावरचं शेजाऱ्याच्या वहीतून उतरवतं, टीव्हीच्या जवळ जाऊन बसतं, डोळे बारीक करतं. घरी "लक्ष देत नाही" म्हणून ओरडा खातं. एक डोळा आळशी असेल (म्हणजे त्याची नजर दुसऱ्या डोळ्याइतकी तयार झालेली नसेल) तर तो सात-आठ वर्षांच्या आत सापडलेला बरा, उपचार तेव्हा सगळ्यात चांगले लागू पडतात. पहिलीतल्याची तपासणी म्हणूनच टाळू नका.

लेकुरवाळीताई हुंदडू द्यायचं म्हणाल्या, त्याला माझ्याकडून पुरावा. चीनमधल्या ग्वांगझूच्या शाळांत पहिलीतल्या मुलांना रोज ४० मिनिटं जास्त मैदानावर काढलं. तीन वर्षांनी त्या शाळांत ३०.४ टक्के मुलांना लांबचा चष्मा लागण्याजोगी दृष्टी झाली होती, बाकीच्या शाळांत ३९.५ टक्के. २०१५ मध्ये हे प्रसिद्ध झालं. शाळा सुरू झाली की पहिलं काय कापलं जातं? संध्याकाळचं खेळणं. वेळापत्रक करताना ते आधी लिहा, क्लास नंतर.

लेकुरवाळी

हे मी छापून घेणार आहे.

अर्धविराम

दप्तराचं राहिलंय. वजनकाट्यावर आधी मूल एकटं, मग भरलेलं दप्तर पाठीवर घेऊन. मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असावं असं सर्वसाधारणपणे सांगतात, काही डॉक्टर थोडं जास्त चालवून घेतात. पंचवीस किलोच्या मुलाला अडीच किलो. रिकामं दप्तरच एक किलोच्या वर असेल तर पुस्तकांना उरलं काय? विकत घेताना ते रिकामं उचलून बघा. जड पुस्तकं पाठीला चिकटून, दोन्ही पट्टे खांद्यावर, आणि दप्तराचा तळ कमरेखाली लोंबता कामा नये. बाटली शाळेत भरता येत असेल तर अर्धी न्या. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे आपण विसरतो.

आणि बूट संध्याकाळी घ्यायला जा, दिवसभरात पावलं थोडी फुगलेली असतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा. "पुढच्या वर्षी पण चालतील" म्हणून दोन नंबर मोठे घेऊ नका, मूल पाय फरफटत चालतं आणि पडतं.

पाणपोई

मी बराच वेळ वाचतेय. उत्तरं सगळी उपयोगाची. पण शीर्षकात कंसात दोन शब्द आहेत, "आणि कुणी", त्यांना सगळ्यांनी बगल दिली आहे.

वरची कामं मोजा. झोपेच्या वेळा सरकवणं, डबा-सराव, नावं घालणं, आजोबांचा कागद, डोळ्यांची तपासणी, उवा, दप्तराचं वजन, लसीचा डोस राहिलाय का बघणं, दम्याचा पंप संपत आलाय का बघणं. (सर्दीचे विषाणू वर्गात फिरायला लागले की दमा उफाळतो, त्यामुळे दमा असलेल्या मुलांनी सुट्टीत बंद पडलेली रोजची औषधं शाळेआधीच सुरू करावीत, डॉक्टरांना विचारून.) आता सांगा, ही यादी तुमच्या घरात कुणाच्या डोक्यात असते? करायला सगळे मदत करतात. लक्षात ठेवायला एकच माणूस असतं.

अर्धविराम

हे जरा एकतर्फी होतंय. मी सगळं करतो. बायको सांगते ते प्रत्येक काम करतो.

पाणपोई

"बायको सांगते ते."

रिकामटेकडा

अर्धविराम, पूर्णविराम.

अर्धविराम

हसा. पण मग करायचं काय, ते तरी सांगा. मी स्वतःहून काही केलं की ते चुकीचं असतं हाही अनुभव आहे. बुटांचा रंग शाळेला चालत नाही, वहीच्या रेघा वेगळ्या. मग पुढच्या वेळी विचारूनच करतो.

लेकुरवाळी

हाही मुद्दा बरोबर आहे. काम द्यायचं आणि मग पाठीमागे उभं राहून बघायचं, हे आम्हीही करतो.

पाणपोई

मान्य. आमच्याकडे म्हणून सुटी कामं वाटणं बंद केलं आणि मंत्रिमंडळासारखं खातेवाटप केलं. खातं म्हणजे सगळंच: लक्षात ठेवणं, शाळेला विचारणं, आणणं, चुकलं तर बदलून आणणं. पायातलं खातं नवऱ्याचं: बूट, मोजे, खेळाचे बूट, लेस तुटली तर तीही. मी विचारत नाही. आरोग्य माझं. कागद, सह्या, शाळेचे निरोप नवऱ्याचे, शाळेच्या ग्रुपवरही तोच. त्याला पहिल्या महिन्यात एक निरोप वाचायचा राहिला आणि मुलगी रंगीत कपड्यांच्या दिवशी गणवेशात गेली. मी काही बोलले नाही (हे फार अवघड गेलं). त्यानंतर एकही राहिलेला नाही.

मुलांनाही खाती आहेत. दहा वर्षांच्या मुलीकडे स्वतःचं दप्तर पूर्ण. रात्री वेळापत्रकाप्रमाणे भरणं, पेन्सिली टोकणं, संपत आलेली वही दोन दिवस आधी सांगणं. आयत्या वेळी सांगितलं तर आणून मिळत नाही, जुन्या वहीच्या मागच्या पानांवर लिहायचं.

खडूफळा

मागच्या पानांवर लिहून आणलेलं मी चालवून घेते. इतर बाईही घेतील. पालक रात्री धावतात तेवढे आम्ही कठोर नसतो.

टंगळमंगळ

हे खातेवाटप मला आवडलं. अभ्यासाचं खातं माझं, जाहीर करतो.

लेकुरवाळी

तुमच्या मुलांनी विरोधी पक्ष काढला तर मला सांगा, मी पाठिंबा देईन.

सायंतारा

किती लिहिलंत सगळ्यांनी! दोन दिवस धाग्यावर येता आलं नाही, आता सलग वाचलं.

आमच्याकडे जे ठरलं ते सांगते. नीरक्षीर यांची पंधरा मिनिटं धाकट्याला लावली आहेत. सकाळी तो आणि सासरे फिरायला बाहेर पडतात, त्यामुळे उठायला कुरकुर नाही, आजोबांबरोबर जायचं म्हणून उठतो. लेकीला रोज फक्त एक ठराविक उठायची वेळ, सुट्टीच्या दिवशी तासभर सूट. ती यावर स्वतःहून म्हणाली की मोबाइल रात्री हॉलमध्ये ठेवते, पण मग तुमचे दोघांचेही तिथेच. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. आता चारही मोबाइल हॉलमध्ये असतात.

डब्याचा सराव सुरू आहे. खडूफळाताई, तुमचं बरोबर निघालं, नव्या डब्याचं झाकण त्याला उघडत नाहीये. जुनाच नेणार.

डोळ्यांची वेळ घेतली आहे दोघांची.

लेकुरवाळी, तुमचं चार दिवसांवालं मात्र इथे चालणार नाही. मला स्वतःला लवकर उठायची सवय करायला तीन आठवडे लागतात.

बाराखडी

काल लेकीला मावशीकडे सोडून आले. सांगून गेले, थांबले नाही. रडली. परत गेले तेव्हा मावशीच्या मांजराच्या मागे धावत होती आणि मला बघून म्हणाली "तू का आलीस?" आता मलाच कसंतरी होतंय.

खडूफळा

हे उत्तम लक्षण आहे. तुमच्या कसंतरी होण्यावर औषध नाही.

एक मात्र राहिलं, मोठ्या-लहान सगळ्यांसाठी. पहिले आठ-दहा दिवस मुलं शाळेतून आली की फाटकातच "आज काय काय झालं? मित्र झाले का? बाई काय म्हणाल्या?" सुरू करू नका. ती दिवसभर शहाण्यासारखी वागून दमलेली असतात, आणि जिथे सुरक्षित वाटतं तिथे, म्हणजे तुमच्यावर, सगळं काढतात. क्षुल्लक कारणावरून रडणं, चप्पल फेकणं. शाळेत काही भयंकर घडलंय असं लगेच समजू नका. आधी पाणी, खाणं, थोडा वेळ काहीच नाही. गोष्टी रात्री झोपताना आपोआप बाहेर येतात. त्या आठवड्यात पाहुणे, नवे क्लास, वाढदिवस काही ठेवू नका. संध्याकाळ मोकळी राहू दे.

आजोबा_ऑनलाइन

फाटकात प्रश्न विचारणारा मीच. नोंद घेतली.

पाणपोई

सायंतारा, खातेवाटप झालं का? ते तुम्ही लिहिलं नाहीत.

सायंतारा

काल रात्री बैठक झाली. सही-कागद-निरोप नवऱ्याकडे, बूट-गणवेश माझ्याकडे, सकाळचं उठवणं सासऱ्यांकडे, दप्तरं ज्याची त्याच्याकडे. धाकट्याने मागून घेतलेलं खातं: सगळ्यांच्या बाटल्या भरणं. स्वयंपाकघराची फरशी सध्या ओली आहे.

उवांवर एकमत झालं नाही. नवरा विचारतोय, ते बिनखात्याच्या मंत्र्याकडे देता येतं का.